नो आधी, मग शट

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, लग्नकार्यात कुणी "पोरगी काय करती?" असं विचारलं की बेधडक सांगायचे, "कुलपाच्या धंद्यात हाय." समोरच्याला वाटायचं, तळेगावात आमचं कुलपांचं दुकान आहे. सोमाटण्याच्या एका पाहुण्यांनी तर मला कपाटाचं अडकलेलं कुलूप पिशवीत घालून आणून दिलं होतं. मला ते उघडता आलं नाही आणि त्यांचा माझ्या नोकरीवरचा विश्वास उडाला तो उडालाच.

पण आबांचं फारसं चुकत नव्हतं. कॉलेज, हॉटेल, दवाखाना, कारखाना, कुठेही चार कॉम्प्युटर एकमेकांशी बोलत असले की त्यांच्या वायरी एका चपट्या लोखंडी डब्यात येऊन मिळतात. या डब्याला स्विच म्हणतात. दिव्याच्या बटणाशी त्याचा काही संबंध नाही. प्रत्येक वायरीला त्यात एक दार असतं आणि कुठलं दार उघडं, कुठलं बंद, कुणी कुणाशी बोलायचं, हे सगळं तो डबा ठरवतो. आणि डब्याला ते सांगणारी मी. तळेगावच्या एका छोट्या कंपनीत राहून देहूरोडपासून खंडाळ्यापर्यंतचे असे डबे मी सांभाळले.

डब्याला स्वतःचा पडदा नसतो. निळ्या वायरीने लॅपटॉप जोडायचा, मग काळ्या पडद्यावर डब्याचं नाव उमटतं आणि नावापुढे एक खूण. खूण > अशी असेल तर तुम्ही अंगणात. चार गोष्टी विचारा, बघा, पण हात लावायचा नाही. मग 'इनेबल' असं लिहायचं. डबा पासवर्ड विचारतो. तो बरोबर असला की बाण जाऊन # ही खूण येते, म्हणजे तुम्ही ओसरीवर आलात. तिथून 'कॉन्फिगर' म्हटलं की माजघर. माजघरात गेल्यावर एखाद्या दाराचं नाव घेतलं की त्या दाराच्या कडीपाशी. प्रत्येक ठिकाणी पडद्यावरची खूण बदलते आणि आपण कुठे उभे आहोत ते सांगते. खूण न बघता हुकूम सोडणारे या धंद्यात फार दिवस टिकत नाहीत.

शिवाय माणसांच्या पायऱ्या वेगळ्या. शून्यापासून पंधरापर्यंत. पहिल्या पायरीवरचा फक्त बघू शकतो, पंधराव्या पायरीवरचा अख्खा डबा पुसून टाकू शकतो. मधल्या पायऱ्या रिकाम्या असतात. कुणाला किती मुभा द्यायची ते ठरवून त्या आपण बांधायच्या. सोय सगळ्यांना माहीत आहे, पण बांधत कुणीच नाही, कारण बांधायला वेळ लागतो आणि कंटाळा येतो. त्यामुळे जगात बहुतेक ठिकाणी माणसं एकतर अंगणात असतात नाहीतर थेट पंधराव्या पायरीवर.

हे मी आबांना एकदा परंदवडीच्या घरी चहा पिताना समजावून सांगितलं. त्यांच्या वडिलांना गावातल्या मोठ्या घरांच्या अंगणापुढे पाऊल टाकायची सोय नव्हती. छप्पन्न साली धर्म बदलला आणि मग आमच्या घरातल्या सगळ्यांनी त्या अंगणात जायचंच सोडलं. आबा स्वतः कारखान्यात लागले, तिथेही गेटवर पास दाखवण्यात त्यांचा जन्म गेला. चहा संपल्यावर ते म्हणाले, "तुला आत कुनी घेतलं गं?"

"वैद्य सरांनी."

"मग त्यांना इसरू नकोस," आबा म्हणाले, आणि कप विसळायला उठले.

वैद्य सर म्हणजे आमच्या कंपनीचे मालक. मी लागले तेव्हा ऑफिसात सगळे पुरुष, आणि माझं काम फोन उचलण्याचं. एक दिवस सरांनी एक जुना स्विच माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि म्हणाले, "हा बिघडवून दाखव." मी बिघडवला. "आता नीट कर." ते काही लगेच जमलं नाही, पण जमलं. त्यानंतर गिऱ्हाइकांच्या सगळ्या डब्यांवर त्यांनी माझं नाव घातलं, वंदना, पायरी पंधरा. ऑफिसातल्या दोघातिघांची तोंडं पडली. कामावर गेलं की गिऱ्हाईक माझ्या मागे बघायचं, "सर गाडी लावतायत का?" मी म्हणायचे, "नाही, सर ऑफिसात आहेत, डबा कुठाय?"

सरांची अट एकच होती. "पासवर्ड फोनवर सांगायचा नाही. कुणालाही. मी मागितला तरी नाही. ज्या दिवशी सांगशील त्या दिवशी तुझं नाव सगळीकडून काढून टाकीन." सर मवाळ बोलायचे, पण अशा बाबतीत ते बोलल्याप्रमाणे करायचे. आमच्या एका चांगल्या माणसाला त्यांनी याच कारणावरून घरी पाठवलेलं मी पाहिलं होतं.

आता त्या रविवारची गोष्ट सांगते. जोडून सुट्टी आलेली. अशा दिवशी लोणावळ्यात राहणारा माणूस सकाळीच दूध आणून दार लावून घेतो, कारण दुपारपर्यंत रस्त्यावर नुसत्या गाड्या. मी मात्र भल्या सकाळी लोकलने लोणावळ्यात पोचले होते, कारण भुशीच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलातलं नेटवर्क मेलं होतं. हॉटेलच्या शेठच्या पुतण्याने कुठेतरी व्हिडिओ पाहून डब्यावर 'डीबग ऑल' असं लिहिलं होतं. म्हणजे डब्याला सांगितलं, तुला जे जे ऐकू येतं ते सगळं मोठ्याने बोल. डबा बोलत सुटला आणि काम विसरला. अशी माणसंही माझ्या ओळखीत आहेत.

मी तो गप्प केला, आणि पुतण्याच्या हाती लागलेला पासवर्ड बदलला. तिथे शेठ बिघडले.

"हॉटेल माझं, डबा माझा, बिल मी भरतो, आणि किल्ली तुमच्याकडे?"

"शेठ, तुम्हाला बघायची परवानगी ठेवलीय. सगळं दिसेल."

"बघून काय करू? आरती ओवाळू?"

त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पण पुतण्या बाजूलाच उभा होता आणि त्याची बोटं वळवळत होती. तुम्हाला हवं असेल तर सरांशी बोला, लेखी घ्या, मग देऊ, असं मी सांगत होते, इतक्यात माझा फोन वाजला.

फोन कामशेतहून पवनेच्या बाजूला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका कॉलेजातून होता. त्या दिवशी तिथे प्रवेश परीक्षेचं केंद्र होतं, सगळा पेपर कॉम्प्युटरवर. खालची लॅब सुरू झाली होती, वरच्या लॅबमधले सगळे कॉम्प्युटर मेले होते. केंद्रप्रमुख बाई बोलत होत्या. "अर्ध्या तासात लॉगिन झालं नाही तर वरच्या मुलांना परत पाठवावं लागेल. पुन्हा कधी बसवतील याची मी खात्री देऊ शकत नाही." परीक्षा घेणाऱ्या कंपनीचे लोक तिथेच होते, पण त्यांचं म्हणणं, सर्व्हर आमचा, तो ठणठणीत आहे, स्विच कॉलेजचा, त्याला आम्ही हात लावणार नाही.

मी हॉटेलात बसून कॉलेजच्या डब्यात शिरू शकले असते, एरवी. पण परीक्षेच्या दिवशी बाहेरून आत यायचे सगळे रस्ते बंद करावे लागतात, आणि ते आदल्या दिवशी मीच माझ्या हाताने बंद केले होते. रस्त्याने जावं तर वलवणपासूनच गाड्या मुंगीच्या चालीने सरकत होत्या. पुढच्या लोकलला अवकाश होता. आमचा दुसरा माणूस चाकणला.

"स्विचच्या खोलीत आत्ता कोण आहे?" मी विचारलं.

"नामदेव आहे. लॅबचा शिपाई."

नामदेवभाऊंना मी ओळखत होते. लोहगडवाडीचे, कंत्राटावर लागलेले, लॅब उघडणं, झाडणं, बंद करणं हे त्यांचं काम. मी कामाला गेले की ते दारात उभं राहून बघायचे आणि काळ्या पडद्यावरच्या खुणांना त्यांनी स्वतःची नावं पाडली होती. > म्हणजे बाण. # म्हणजे फुली-गोळ्याचं घर, मुलं पाटीवर फुली-गोळा खेळायला आखतात ते. "आज फुली-गोळ्यापातूर गेलात न्हवं मॅडम? मंग काम झालं," असं म्हणायचे.

केंद्रप्रमुख बाईंनी आपला फोन त्यांच्या हातात दिला आणि त्या मुलांकडे गेल्या. मी म्हणाले, "भाऊ, डब्याचे दिवे कसे दिसतायत?"

"समदे हिरवे हायेत. येकच नारंगी हाय."

नारंगी म्हणजे वरच्या लॅबचं दार डब्याने स्वतःच बंद केलेलं. असं तो बहुधा एकाच कारणाने करतो, कुणी एका वायरीची दोन्ही टोकं एकाच जाळ्यात खुपसली तर. निरोप त्या वायरीत गोल गोल फिरत राहतो, वाढत जातो, आणि सगळं तुंबायच्या आत डबा दार लावून घेतो. मी त्यांना विचारलं, वरच्या लॅबमध्ये आज कुणी वायर लावली का?

पलीकडे खोलीचं दार लोटल्याचा आवाज आला.

"मॅडम, ती म्याच लावली. सकाळी सेंटरच्या मोठ्या बाई म्हनल्या, लोंबकाळत्या वायरी दिसता कामा न्हाईत, तपासनीस येनार. येक टोक तसंच लोळत व्हतं. भितीतलं भोक मोकळं दिसलं, त्यात खवलं." मग हळू आवाजात, "आता माझं काय व्हनार वो?"

काय होणार ते मलाही कळत होतं आणि त्यांनाही. मुलं परत गेली असती तर चौकशी झाली असती आणि चौकशीत सर्वांत खालच्या पायरीवरचा माणूस आधी सापडतो. मी म्हणाले, "आधी ते टोक उपटा, मग बघू."

ते धावत वर जाऊन टोक उपटून आले. पण डबा रुसला की स्वतःहून दार उघडत नाही. कुणीतरी आत जाऊन ते दार रीतसर बंद करायचं आणि रीतसर उघडायचं. त्यासाठी इनेबल. इनेबलसाठी पासवर्ड. आणि मी शेठच्या काउंटरपाशी उभी, समोर शेठ, बाजूला पुतण्या.

मला सर आठवले. खरंच आठवले, त्यांच्या चष्म्यासकट. भाऊंना फोन चालू ठेवायला सांगून सरांना फोन लावला, तो लागला नाही. पुन्हा लावला, नाही. मी बाहेर व्हरांड्यात गेले, शेठही मागोमाग आले, आणि मी नामदेवभाऊंना म्हणाले, "निळी वायर लॅबच्या लॅपटॉपला लावा. काळा पडदा उघडा. इनेबल लिहा. आता मी सांगते ते एकेक अक्षर लिहायचं."

"मॅडम, उमटतच न्हाई!"

"उमटणार नाही. पासवर्ड दिसत नसतो. तुम्ही लिहीत राहा."

"न दिसनारं कसं लिवू?"

"माझ्यावर विश्वास ठेवून."

दुसऱ्या खेपेला जमलं. "आलं! फुली-गोळ्याचं घर आलं!" ते इतक्या जोरात ओरडले की व्हरांड्यातल्या शेठनाही ऐकू गेलं. शेठ माझ्याकडे बघत म्हणाले, "वा. मालकाला नाही, आणि शिपायाला फोनवर?" मी त्यांना हाताने थांबा म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

माजघरात गेलो. दाराचं नाव घेतलं. "आता लिहा, शट. एंटर." नारंगी दिवा विझला. आता उघडायचं. या भाषेत केलेलं काम मागे घ्यायचं असेल तर त्याला 'नो' जोडतात. शट म्हणजे बंद, नो शट म्हणजे उघड. मी म्हणाले, "आता शटला नो लावा आणि एंटर मारा."

"मारला. खाली टोपी काढतंय आन् शिव्या घालतंय."

टोपी म्हणजे ^ ही खूण. तुम्ही कुठे चुकलात ते डबा त्या टोपीने दाखवतो. "पुन्हा लिहा." पुन्हा टोपी. "भाऊ, शटचं स्पेलिंग?" बरोबर. "नोचं?" तेही बरोबर. पुन्हा टोपी. अर्धा तास सरत आला होता. वरून मुलांचा गलका फोनमधून ऐकू येत होता, कुणीतरी रडत होतं. तीनदा मी तेच सांगितलं आणि तीनदा त्या माणसाने मी सांगितलं तेच केलं.

"भाऊ, पडद्यावर काय लिहिलंय ते डावीकडून एकेक अक्षर वाचा."

"यस, यच, यू, टी. मंग जागा. मंग यन, ओ."

शट नो. मी कपाळावर हात मारला. त्यांचं काय चुकलं होतं? शटला नो लावा म्हटल्यावर कुठलाही शहाणा मराठी माणूस नो शेवटीच लावणार. आपण जात नाही म्हणतो, खात नाही म्हणतो, आधी काम सांगतो आणि मग नाही. इतकी वर्षं त्या भाषेत वावरून मला याची आठवणच राहिली नव्हती.

"भाऊ, नो आधी! नो आधी, मग शट!"

"आधी न्हाई म्हनायचं आन् मंग काय ते सांगायचं? आसं कुटं आसतं व्हय?"

"या डब्यात असतं. लिहा!"

एंटरचा आवाज आला. "नारंगी झाला," ते म्हणाले. मी म्हणाले, थांबा. "आजून नारंगी." थांबा. शेठही आता माझ्या फोनला कान लावून उभे होते. मग फोनमधून एवढंच आलं, "हिरवा." आणि थोड्या वेळाने वरच्या लॅबमधून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला आणि मग पुरी शांतता, पेपर सुरू झाल्यावर असते तशी. त्या शांततेबद्दल मी आजही कृतज्ञ आहे.

मी सरांना पुन्हा फोन लावला, तर लाइन व्यस्त. शेठनी सरांना माझ्या आधीच गाठलं होतं. सरांचा फोन आला तेव्हा मी लोकलमध्ये होते. सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही, वायर कुणी लावली तेही सांगितलं. मी मनात एकेका गावातल्या डब्यावरून माझं नाव पुसलं जाताना बघत होते.

"पासवर्ड बदललास?" सरांनी विचारलं.

"कॉलेजात पोचले की बदलते."

"बदल. आणि त्या माणसाला अख्खी किल्ली द्यायची वेळ पुन्हा कुणावर येऊ नये, असं काहीतरी कर." मग म्हणाले, "शेठना मी सांगितलं, तुमच्या हॉटेलातली मुलं परीक्षेला बसली असती तर तुम्हालाही फोनवर दिला असता." कामशेत आलं तेव्हा मी डोळे पुसत उतरले.

त्या संध्याकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा मधली पायरी बांधली. सातवी. तिच्यावरच्या माणसाला तीनच गोष्टी करता याव्यात, दारं बघणं, बंद करणं, उघडणं. बाकी कशालाही हात लागणार नाही. ती बांधायला मला रविवारची उरलेली संध्याकाळ लागली आणि मुळीच कंटाळा आला नाही. मग डब्यावर नाव घातलं, नामदेव. पासवर्ड त्यांनी स्वतः लिहिला, मी तोंड फिरवून उभी राहिले.

"फुली-गोळा दिसंल का मला?" त्यांनी विचारलं.

"दिसेल." पहिली पायरी ओलांडली की सातवी काय आणि पंधरावी काय, डबा सगळ्यांना एकच खूण दाखवतो. हे मला आधीपासून माहीत होतं, पण ते चांगलं आहे असं त्या दिवशी वाटलं. घरी जाऊन आबांना सांगितलं. ते म्हणाले, "झ्याक केलंस. पाय ठेवायापुरती तरी जागा पायजे." त्यानंतर मी जिथे जिथे गेले तिथे पायऱ्या बांधत गेले. शेठनासुद्धा पाचवी दिली. पुतण्याला नाही.

चौकशी झाली नाही. कागदावर 'तांत्रिक अडचण, दूर केली' एवढंच आलं. नामदेवभाऊ कॉलेजात राहिले, आणि नंतर कायम झाले.

आता आबा नाहीत, सर नाहीत. गेल्या वर्षी मीही काम थांबवलं. आमच्या धंद्यात निरोपसमारंभाच्या आधी एक काम असतं. सगळ्या डब्यांवरून आपलं नाव काढायचं, आणि ते आपण नाही, आपल्या जागी आलेल्या माणसाने काढायचं. माझ्या जागी आलेल्या मुलीबरोबर मी गावोगाव फिरले. कॉलेज मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. नामदेवभाऊ दारात उभे होते, केस पिकलेले. मुलीने माजघरात शिरून हुकूम लिहिला. आधी नो, मग माझं नाव. आणि ती थांबून माझ्याकडे बघायला लागली.

"काय चाललंय?" नामदेवभाऊंनी विचारलं.

"माझं नाव काढतोय, भाऊ."

ते पुढे आले. वाकून पडद्याकडे बघितलं, नो वाचलं, वंदना वाचलं.

"त्यातनं काढा खुशाल," ते म्हणाले. "आमी हितं रोज काढतोच हाय तुमचं नाव."

मी त्या मुलीला म्हणाले, "मार एंटर."